गाडीची खोड

"गाडीले काई खोड त नाई ना, भाऊ?"

माझा पिकअप बघायला चिखलीकडून आलेल्या माणसाने एवढंच विचारलं. खोड हा बैलबाजारातला शब्द. दात बघून बैलाचं वय कळतं, पण तो ऐन नांगरटीत खाली बसतो का, हे धन्यालाच ठाऊक असतं.

माझ्या गाडीची खोडही मलाच ठाऊक होती. रिकामी असली की ती झकास चालायची. माल भरून उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये आणली आणि ॲक्सिलेटरवरून पाय काढला, की गिअर निसटून गाडी न्यूट्रल व्हायची. आतले दाते झिजले की असं होतं. गिअरबॉक्स खोलायचा तर खर्च मोठा. मेकॅनिक म्हणाला होता, "जाड ऑईल टाकून देतो, आवाज दबते." मी ते टाकू दिलं नाही आणि तेवढ्यावर स्वतःला प्रामाणिक समजत होतो. मी लपवत नाही, फक्त गप्प आहे.

कायदाही हा फरक मानतो. 1872च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 17नुसार दोष मुद्दाम झाकणं ही फसवणूक, पण नुसतं गप्प राहणं सहसा नाही. तिथे उदाहरण घोड्याचं आहे. लिलावात कुणी आजारी घोडा विकला आणि काही बोललाच नाही, तर ती फसवणूक नव्हे. मात्र घेणारी त्याचीच, नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा म्हणाला, "तू नाही म्हणाला नाहीस, तर घोडा धड आहे असं मी धरतो," तर तिथे गप्प राहणं म्हणजे बोलणंच.

म्हणजे त्या माणसाने विचारलं, तेव्हाच माझ्या गप्प राहण्याची सोय संपली होती. पण समजा, त्याने विचारलंच नसतं तर?

तो कांदे भरून मलकापूरला जाणार होता. म्हणजे वाटेत राजूर घाट. भरलेली गाडी उतारावर इंजिन धरून ठेवतं. गिअर निसटला की सगळा भार ब्रेकवर येतो. वळणावर समोरून एसटी येत असेल, तर तिच्यातल्या कुणीही माझ्याशी सौदा केलेला नसतो. घोड्याच्या उदाहरणात माणसं दोनच आहेत. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, हे त्याला सांगता येईल; एसटीतल्या बाईला कसं सांगणार? न विचारताही सांगायला हवं, ते तिच्यासाठी.

मी सांगितलं. त्याने चहा संपवला, "बरं झालं सांगतलं," म्हणाला आणि निघून गेला.

गाडी अजून दारात उभी आहे. हप्ता चालू आहे. गिअरबॉक्स खोलायला पैसे जमवतोय. खरं बोलल्याचा आनंद वगैरे काही झाला नाही. फक्त घाटातल्या अपघाताची बातमी आली, की गाडीचा नंबर बघायची धास्ती नसते.