पातेरा

वाटण्या झाल्या तेव्हा कोकणातल्या एका घराचं परसही दुभागलं. विहिरीजवळच्या केळी थोरल्या जावेकडे गेल्या, बांधाकडच्या धाकटीकडे. पाणी हाताशी, म्हणून थोरली निर्धास्त होती.

ती पहाटे उठून परस झाडायची. फणसाची, आंब्याची, केळीची सुकली पानं गोळा करून पेटवायची. आळ्यांतही काडी दिसू द्यायची नाही.

"जाऊबाई, हा पातेरा मी नेऊ का?" धाकटीनं विचारलं.

"ने की. जाळायचाच आहे."

धाकटी रोज टोपली भरून नेई आणि आपल्या आळ्यांत पसरी. स्वच्छता चांगलीच, पण उघडी माती तीच स्वच्छ, असं मानून आपण किती झाडांच्या तोंडचा घास जाळत आलो आहोत!

वैशाखात विहिरीनं तळ गाठला. दोघींच्या वाट्याला सारखंच पाणी येऊ लागलं. थोरलीच्या आळ्यांतली तांबडी माती तडकली, पानं कडेनं करपली. धाकटीच्या केळी मात्र हिरव्यागार, एकीला तर घडही लागलेला.

"रात्री चोरून पाणी घालतेस का गं?"

धाकटीनं तिला आळ्याशी बसवलं आणि पातेरा बाजूला सारला. खाली काळी, ओलसर माती, गांडुळं आणि पांढरी कोवळी मुळं.

"केळीची बहुतेक मुळं वरच्या हातभर मातीतच असतात, जाऊबाई. ऊन आधी तिथेच पोचतं. पातेरा ओल धरतो आणि कुजला की खत होतो. झाडाचं झाडाला दिलं, एवढंच केलं मी."

थोरली त्याच संध्याकाळी कामाला लागली. उत्साहात तिनं पातेरा थेट खोडाला भिडवून रचला. धाकटीनं तो वीतभर मागे ओढला. "पांघरूण तोंडावरून घेतलं की जीव गुदमरतो. पावसात बुंधा कुजेल, किडीला घर मिळेल. जाडी 5-6 इंच पुरे."

पावसाळ्यात धाकटीचा घड तयार झाला. केळ एकदाच फळते. घड उतरवल्यावर तिनं खोड तोडलं, बुंध्याशी फुटलेला मुनवा राखला. पाण्यानं आणि पालाशानं भरलेल्या त्या खोडाचे तुकडे करून ती अर्धे थोरलीच्या आळ्यांकडे घेऊन निघाली.

"अगं, तुझ्या झाडाचं आहे ते!"

"तुमच्या पातेऱ्यावर वाढलं ना, जाऊबाई. धरा ही टोपली, अजून दोन फण्याही आणायच्या आहेत."