संयम कीं निरुपाय?

2019 सालच्या दिवाळीनंतर मीं एक जुनी मोटार विकत घेतली, तेव्हां आमच्या घरांत एक प्रश्न उपस्थित झाला. त्याचें समाधानकारक उत्तर मला अद्यापि देतां आलेलें नाहीं. आणि मध्यंतरीं असा एक प्रसंग घडला कीं, जें अर्धेंमुर्धें उत्तर मीं मनाशीं जुळवून ठेविलें होतें, तेंहि डळमळीत झालें.

गाडी फोक्सवॅगन पोलो, जीटी टीएसआय ह्या प्रकारची, 2014 सालची, चाकणच्या कारखान्यांत तयार झालेली. ठाण्यास घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या एका तरुण गृहस्थानें ती पांच वर्षें वापरून विकावयास काढली होती. डोंबिवलीहून ठाण्यास रोज कामावर जाण्यायेण्यासाठीं मीं ती घेतली. गाडी दारांत उभी राहिली, नारळ फुटला, आणि सौभाग्यवतींनीं विचारलें, "हिच्यांत एवढें काय आहे?" मीं मोठ्या उत्साहानें सांगितलें कीं, बाहेरून ही चारचौघींसारखी दिसते खरी, परंतु हिचें एंजिन लहान, 1.2 लिटरचें, असूनहि टर्बोच्या योगानें तें 105 अश्वशक्तीचें झालें आहे, आणि उभ्या जागेवरून ताशीं 100 किलोमीटरचा वेग ही 10 सेकंदांच्या आंत घेते. त्यांनीं क्षणभर विचार केला व म्हटलें, "अहो, आणि कल्याण-शीळ रस्त्यावर किती घेते?"

प्रश्न विनोदानें विचारलेला होता. पण त्याच्या पोटांत जें होतें तें विनोदाचें नव्हतें. जें बळ वापरावयास मिळणार नाहीं, त्याच्यासाठीं मध्यम स्थितींतल्या गृहस्थानें पैसे कां मोजावे? आणि तें वापरावयास मिळालें, तर वापरणें योग्य होईल काय?

ज्यांना हा रस्ता ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. 1853 सालीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत व 1854 सालीं तेथून कल्याणपर्यंत आगगाडी आली. तेव्हांपासून ह्या मुलखाचें जाणेंयेणें रुळांच्याच आधारानें चालत आलें आहे. लोहमार्गानें डोंबिवलीहून ठाणें सुमारें 15 किलोमीटर. मोटारीनें जाणाऱ्यास मात्र मानपाड्याकडे वळून कल्याण-शीळ रस्ता गांठावा लागतो, काटई नाका, पलावा, शीळफाटा असे एकेक मुक्काम करीत मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालावा लागतो, आणि मग कळव्याची गर्दी ओलांडून ठाण्याचें दर्शन होतें. मीं गाडी घेतली त्या वर्षीं कल्याणचा जुना पत्रीपूल पाडलेला होता. नवा पूल 2021 च्या जानेवारींत खुला झाला. पुढें शीळ रस्त्यावर मेट्रोच्या कामाचे पत्रे उभे राहिले. सकाळीं साडेआठ वाजतां काटई नाक्यावर 105 घोडे आणि एक बैल ह्यांच्या गतींत कांहीं अंतर उरत नाहीं.

तरीहि अशा गाडीची कल्पना मला मुळांतच आवडते. मागचें दार वर उघडणारी, बाजारहाट करणारी, मुलांना शाळेंत पोंचविणारी लहान गाडी घ्यावी आणि तिच्या पोटांत मोठ्या गाडीचें बळ घालावें. पाश्चात्य देशांत हिला 'हॉट हॅच' म्हणतात. जर्मनींत 1976 सालीं विक्रीस आलेल्या गोल्फ जीटीआय गाडीनें ही कल्पना लोकप्रिय केली. ती 110 अश्वशक्तीची होती, आणि तिची आरंभींची जुळवाजुळव कांहीं अभियंत्यांनीं कामाच्या वेळेबाहेर केली होती. श्रीमंताला कामासाठीं एक आणि आनंदासाठीं एक अशा दोन गाड्या ठेवतां येतात. ज्याला एकच परवडते, त्याला त्या एकींतच दोन्ही मिळावीं, ही ह्या युक्तींतली माणुसकी मला मोलाची वाटते. आमच्या कल्याण-डोंबिवलीच्या परिसरांत प्रीमियर कंपनीच्या कारखान्यांत 1990 नंतरच्या दशकांत प्यूजो 309 ही गाडी बनत असे. तिच्याच युरोपांतल्या बहिणीला जीटीआयचें वेगवान रूप लाभलें होतें. आमच्या वांट्यास फक्त सोज्वळ रूप आलें! पुढें 2001 पासून कुर्ल्यास बनलेल्या फियाट पॅलिओच्या 1.6 लिटरच्या प्रकारानें ती उणीव भरून काढली. मी तेव्हां लोकलच्या दारांत उभा राहून कुर्ला स्टेशन मागें टाकीत असें, आणि पॅलिओ घेण्याची माझी ऐपत नव्हती. पोलोचेंहि उत्पादन आपल्याकडे 2022 सालीं थांबलें. तेव्हां आतां ज्या आहेत त्या सगळ्याच जुन्या.

जुन्या वस्तूला पूर्वींच्या धन्याच्या संवयी चिकटलेल्या असतात. माझ्या गाडीच्या कांचेवर टिटवाळ्याच्या गणपतीचें लहानसें चित्र होतें. तें मीं तसेंच ठेविलें. किल्ली हातीं देतांना त्या तरुणानें एवढेंच म्हटलें, "काका, हिला कधीं तरी मोकळ्या रस्त्यावर न्या." त्याला नुकतें मूल झालें होतें आणि मोठी गाडी हवी होती. मुलगी सासरीं देतांना बापाचा आवाज जसा होतो, तसा कांहींसा त्याचा झाला होता. मला तेव्हां त्याचें हसूं आलें. आतां येत नाहीं.

रोजच्या वापरांत हिची गोडी कोठें कळते, असें कोणी विचारील. दार लावतांना जो एक घट्ट, आटोपशीर आवाज होतो त्यांत कळते. मुंब्र्याच्या चढावर मालानें भरलेल्या ट्रकमागें रखडत असतां, क्षणभर वाट मोकळी झाली म्हणजे पायाच्या अंगठ्याच्या नुसत्या सूचनेनें पाठीला जो हलका दाब जाणवतो, त्यांत कळते. आमच्या जुन्या इमारतीच्या आवारांत बांधणाऱ्यानें स्कूटरींपुरतीच जागा धरलेली. तेथें ही चार मीटरांच्या आंतली गाडी एका वळणांत बसते, ह्यांतहि कळते. ताशीं 30 च्या वेगानें चालतांनासुद्धां ही गाडी इतरांहून निराळी लागते. तीन सप्तकांत लीलया फिरणारा गवई मध्य सप्तकांतला षड्ज लावतो, तेव्हां तो षड्ज दुसऱ्या कोणाच्या षड्जासारखा लागत नाहीं. वर जाण्याची सारी शक्ति त्या एका स्वरामागें शांतपणें उभी असते. न वापरलेलें बळ वायां जात नाहीं, तें वापरलेल्या बळाला खोली देतें, असें उत्तर मीं सौभाग्यवतींना दिलें. त्यांना गाण्याची आवड असल्यामुळें तें त्यांना पटल्यासारखें दिसलें.

येथेंच थांबलों असतों तर बरें झालें असतें. परंतु ह्या उत्तरावर मीं एक मजला चढविला. मी मनाशीं म्हणूं लागलों कीं, बळ असून जो तें आवरतो तोच संयमी. ज्याची गाडी पळूंच शकत नाहीं त्याच्या सावकाशपणाला काय किंमत? शीळफाट्यावर शेजारची रिक्षा आणि मी सारख्याच वेगानें सरकत असूं. पण तिचें सरकणें हा नाइलाज आणि माझें सरकणें हें शील, अशी कांहींतरी समजूत मीं करून घेतली होती. जांबवंतानें आठवण करून देईपर्यंत मारुतीला स्वतःच्या सामर्थ्याचें विस्मरण होतें म्हणतात. मला विस्मरण कधींच नव्हतें, आणि त्याबद्दलच मला अभिमान वाटे. चार वर्षें हा अभिमान सुखानें नांदला.

2023 च्या डिसेंबरांत नाशिकला माझे मामा आजारी पडले. मी पहाटे साडेचारला एकटाच निघालों, कल्याणहून बापगांवमार्गें पडघ्याशीं महामार्गाला लागलों. थंडी होती, रस्ता कोरडा होता, आणि दृष्टि पोंचेल तेथपर्यंत कोणीहि नव्हतें. त्या तरुणाचे शब्द आठवले असें म्हणणें सोईचें होईल. परंतु खरें पाहतां कांहींच आठवलें नाहीं. पाय आपोआप खालीं गेला. एंजिनाचा स्वर बदलला, दिव्यांच्या प्रकाशांत रस्त्यावरचे पांढरे पट्टे एकमेकांना जोडले गेले, आणि कांटा 140 वर गेला. तो आनंद निर्भेळ होता, हें मला कबूल केलेंच पाहिजे. चार वर्षें जें नुसतें ऐकलें होतें तें गाणें मी आतां स्वतः गात आहें, असें वाटलें.

आसनगांवच्या अलीकडे दुभाजकाच्या फटींतून एक दूधवाला सायकल हातानें ढकलीत रस्ता ओलांडीत होता. मागें दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. मी ब्रेकवर उभाच राहिलों. गाडीनें आपलें काम चोख केलें. रेसभरहि न भरकटतां ती त्याच्यापासून पांचसात हातांवर थांबली. माझे हात कांपत होते. तो मनुष्य मात्र मुळींच घाबरला नव्हता. दूरचे दिवे किती वेगानें जवळ आले हें अंधारांत त्याच्या ध्यानांतच आलें नसावें. कोणी सज्जन आपल्यासाठीं थांबला आहे अशी त्याची समजूत झाली. त्यानें उजवा हात कपाळाला लावून माझे आभार मानले आणि तो सावकाश पलीकडे गेला.

त्यानें शिवी दिली असती तर मी ती केव्हांच विसरून गेलों असतों.

प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथांत गायजीसच्या अंगठीची कथा आहे. एका मेंढपाळाला अशी अंगठी सांपडते कीं तिचा खडा आंत वळविला म्हणजे तो अदृश्य होतो. तो राणीला वश करतो, राजाला मारतो आणि राज्य बळकावतो. अशी अंगठी मिळाल्यावर न्यायी मनुष्य तरी न्यायानें वागेल काय, असा तेथें प्रश्न आहे. कॉलेजांत ही कथा वाचतांना मला ती बालिश वाटली होती. पहाटेचा रिकामा महामार्ग हीच ती अंगठी. ॲरिस्टॉटलनें दोन माणसें वेगळीं दाखविलीं आहेत: एकाला अयोग्य वासना होते, पण तो तिला आवरतो, दुसऱ्याला ती होतच नाहीं. मी ह्या दोहोंपैकीं एकहि नव्हतों. ज्याच्यापुढें ट्रक उभा आहे, असा एक तिसरा मनुष्य आहे. त्याचा विचार त्या तत्त्ववेत्त्यानें केल्याचें दिसत नाहीं. शीळ रस्त्यावरचें माझें सगळें शील त्या ट्रकचें होतें.

मग गाडी विकून टाकावी काय? दोन दिवस तसा विचार केला, एका ओळखीच्या मिस्त्रीला सांगूनहि ठेविलें. त्यानें उल्हासनगरचा एक विशींतला मुलगा आणला. त्या मुलानें गाडीभोंवतीं एक फेरी घातली आणि पहिला प्रश्न विचारला, "काका, किती पळते?" मीं गाडी विकावयाची नाहीं असें सांगून त्याला परत पाठविलें. माझ्या हातून जें जोखीम घडलें तें दुसऱ्याच्या हातीं देऊन मी मोकळा कसा होणार, हें कारण मीं स्वतःला दिलें. तें खरें कारण होतें, कीं गाडी न विकण्यास सांपडलेली सबब होती, हें मला अजूनहि सांगतां येणार नाहीं. संथ गाडी घ्यावी म्हटलें, तर आजची स्वस्तांतली स्वस्त गाडीसुद्धां मोकळ्या रस्त्यावर माणूस मारण्याइतकी पळतेच. दुर्बळ गाडी घेऊन सज्जन होतां येईल, ही आशा मीं सोडून दिली आहे.

दुसरीहि एक टोंचणी आहे. 9 जून 2025 रोजीं सकाळीं मुंब्र्याजवळ लोकलच्या दारांत लोंबकळणारे कांहीं उतारू खालीं पडून मृत्यु पावले. त्याच सकाळीं मी त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगानें, थंड हवेच्या गाडींत, चार आसनें रिकामीं ठेवून एकटा चाललों होतों. त्या दिवसापासून इमारतींतल्या दोन शेजाऱ्यांना मी बरोबर नेतों. ह्यानें त्या टोंचणीचें उत्तर होत नाहीं. दोन आसनें अजून रिकामींच असतात. पण एक चमत्कार दिसला. माणसें शेजारीं बसलीं म्हणजे मी निराळा चालवितों. म्हणजे येथेंहि आवरणारा मी नव्हेच!

आतां आमच्या चिरंजीवांना गाडी चालविण्याचा परवाना मिळाला आहे. त्यांनीं किल्ली मागितली, तेव्हां दूधवाल्याची हकीकत मीं प्रथमच घरांत सांगितली. सौभाग्यवती बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशीं मामांकडून फोनवर 'सुखरूप पोंचलों' म्हणालांत, तें अर्धेंच खरें होतें." चिरंजीवांनीं विचारलें, "बाबा, आणि ब्रेक लागले नसते तर?" मला उत्तर सुचलें नाहीं.

येत्या रविवारीं पहाटे शहापुरापर्यंत जाऊन यावें अशी त्यांची इच्छा आहे. मी शेजारीं बसतों म्हटलें. ते नको म्हणतात. मी बसलों तर ते सावकाश चालवितील ह्यांत शंका नाहीं, परंतु तो सावकाशपणा माझा असेल, त्यांचा नव्हे. आणि नाहीं बसलों तर काय होईल हें मला स्वतःवरून ठाऊक आहे. आज गुरुवार. किल्ली अजून माझ्या टेबलाच्या खणांत आहे.