न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळू नये, हे दुःख माणसाच्या परिचयाचे आहे. परंतु जो प्रश्न आपण कधी विचारलाच नव्हता त्याचे उत्तर कुणी हातावर आणून ठेवावे, हा अनुभव मात्र यंत्रयुगाचाच. १८९५ साली राँटजेनने क्ष-किरण शोधून काढले आणि जिवंत माणसाच्या आत डोकावण्याची सोय झाली. १९७१ साली लंडनमध्ये सी. टी. स्कॅनने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला. तेव्हापासून यंत्राची नजर तीक्ष्ण होत गेली आहे. पण या नजरेला एक खोड आहे. जे पाहायला सांगितले तेवढेच पाहून ती थांबत नाही.

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातले एखादे घर डोळ्यांसमोर आणा. आठ वर्षांचा मुलगा जिन्यावरून गडगडतो, दोनदा ओकतो. डॉक्टर डोक्याचा स्कॅन करायला सांगतात. हाड शाबूत, रक्तस्राव नाही. आता देवापुढे साखर ठेवायची, तोच अहवालात आणखी एक ओळ निघते : ‘अरॅक्नॉइड सिस्ट’. डॉक्टर कागद चाळून म्हणतात, “तसे विशेष काही नाही. पुढे बघू.” आणि पुढच्या रुग्णाला हाक जाते. विशेष काही नाही, तर मग पुढे बघायचे ते काय? बाप तो इंग्रजी कागद लोकलमध्ये चारदा उलगडतो. आई रात्री झोपलेल्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवते, पण तो हात कालचा राहिलेला नसतो.

वस्तुस्थिती काय आहे? मेंदूभोवतीच्या पातळ आवरणात पाण्यासारख्या द्रवाची ती पिशवी असते, बहुधा जन्मापासूनची. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत, मेंदूचा एम. आर. आय. झालेल्या ११ हजारांहून अधिक मुलामुलींपैकी शेकडा २.६ जणांत ती आढळली. बहुतेकांना तिचा काही उपद्रव नव्हता. थोड्यांचीच पिशवी वाढते, त्रास देते आणि तिच्यावर उपचार करावे लागतात. म्हणजे डॉक्टर खोटे बोलले नव्हते. मग ते बोललेच नसते, तर अधिक बरे झाले असते काय?

सांगूच नये, असे म्हणणाऱ्यांचा पक्ष अगदीच लटका नाही. रोग्याचे आयुष्य संपत आल्याचे कळले, तरी जिथे त्याला किंवा इतरांना धक्का बसेल तिथे ते बोलू नये, असे चरकसंहितेने वैद्याला बजावले आहे. कर्णपर्वातला कौशिक तर सत्यवचनाच्या हट्टापायी लपलेल्या माणसांची वाट लुटारूंना दाखवतो आणि नरकात जातो.

पण चरकाच्या त्या रोग्यापुढचा काळ संपलेला आहे. या मुलापुढे सारा काळ पडलेला आहे. उद्या विसाव्या वर्षी त्याचे डोके दुखेल, परगावचा कुणी डॉक्टर स्कॅन करील आणि तीच पिशवी त्याला नवी वाटेल. जुना स्कॅन हाताशी असला, तर ‘बारा वर्षांत तसूभर वाढली नाही’ हाच निर्धास्तपणाचा मोठा पुरावा. आज गोष्ट लपवली, तर तो पुरावाच त्याच्या हातून जातो. शिवाय डोके मुलाचे आहे. आईबाप आणि डॉक्टर त्या माहितीचे विश्वस्त आहेत, मालक नव्हेत.

तेव्हा सांगायलाच हवे. परंतु कागद हाती देणे म्हणजे सांगणे नव्हे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टराने रोग्याच्या स्थितीचे गांभीर्य फुगवू नये आणि कमीही लेखू नये. सारे मर्म या प्रमाणात आहे. ‘डोक्यात पिशवी आहे’ हे वाक्य खरे असूनही ऐकणाऱ्याच्या मनात खोटे चित्र उभे करते. हे काय आहे, किती मुलांत असते, पडण्याशी त्याचा संबंध आहे की नाही, पुन्हा केव्हा पाहायचे, कोणते लक्षण दिसताच धावत यायचे, आणि तोवर मुलाने काय काय बिनघोर करायचे, एवढे सांगितले म्हणजे ते वाक्य सत्य झाले. दवाखान्याबाहेर चाळीस माणसे खोळंबलेली असतात, हे मान्य. पण वाचवलेली ती पाच मिनिटे शेवटी मुलाच्या नावावर खर्ची पडतात.

खो-खोच्या मैदानाकडेला बसवून ठेवलेले धडधाकट मूल शाळामास्तराच्या नजरेतून सुटत नाही. त्याला कुणी काही सांगितलेले नसते. त्याने ते घरातल्यांच्या डोळ्यांत वाचलेले असते. आजार नसताना आजारीपण येते ते असे. म्हणून आईबापांनीही भिडेखातर उठून न येता खुर्चीत आणखी क्षणभर बसावे, आणि “म्हणजे नेमके काय, डॉक्टर?” असे विचारावे. उत्तर नीट समजून घ्यावे, मुलालाही त्याच्या भाषेत सांगावे. मग तो अहवाल जन्मदाखल्याशेजारी कपाटात ठेवावा, आणि डॉक्टरांनी मुभा दिली असली की पोराला दिवाळीच्या किल्ल्यासाठी माती आणायला खुशाल पिटाळावे.