शंकासमाधान : आईची लाखोली आणि मुलाचा प्रश्न

शंका : चातुर्मासात मी विठ्ठलाला तुळशीची लाखोली वाहते, रोज पाने मोजून. बारावीतला मुलगा म्हणतो, "देव काय हिशेब बघतो? अंदाजाने वाहा की!" आरतीला तो उभा राहत नाही. गावातल्या रेड्याच्या समाधीला चल म्हटले, तर रेडा वेद कसा बोलेल, असे विचारतो. त्याला दटावून बसवावे का? माझी भक्ती त्याच्यात उतरणार कशी?
— एक भगिनी, आळे (ता. जुन्नर)

समाधान : ताई, दटावू नका. असाच प्रश्न विनोबा भावे यांच्या घरी निघाला होता. त्यांच्या आई रुक्मिणीबाई देवाला तांदळाची लाखोली वाहत, एकेक दाणा मोजून. वडील नरहरपंत शास्त्रीय दृष्टीचे. थोड्या तांदळात दाणे किती ते पाहावे, त्यावरून लाखाचे वजन काढावे आणि वर थोडे अधिक घालावे, असे त्यांनी सुचवले. आईने मुलाला विचारले. गणित हा विनोबांचा लाडका विषय. तरी ते म्हणाले, ही मोजणी गणितासाठी नाहीच, दाण्यागणिक देव आठवावा म्हणून आहे. तुमच्या मुलालाही एवढेच सांगा.

मात्र नुसत्या लाखोलीने विनोबा घडले नाहीत. शेजारीण आजारी पडली की रुक्मिणीबाई तिच्या घरी जाऊन स्वयंपाक करून येत. आधी आपल्या घरचा स्वयंपाक आणि मग त्यांचा, हा स्वार्थ नव्हे का, असे विनोबांनी विचारले. लवकर जाऊन रांधले तर त्यांना गार जेवावे लागेल, असे आईने समजावले. देवापुढचा जिव्हाळा शेजारच्या चुलीपर्यंत पोचलेला मुलाने पाहिला आणि टोचणाऱ्या प्रश्नालाही त्याला सरळ उत्तर मिळाले.

आईचे सगळे आचार त्यांनी पाळले, असेही नाही. १९१८ मध्ये ती गेली, तेव्हा भटजींकरवी अंत्यविधी करणे त्यांना मान्य नव्हते; ते स्मशानात गेलेच नाहीत. पण आपल्याला कळेल अशी मराठी गीता तूच का लिहीत नाहीस, हे तिचे म्हणणे त्यांनी जपले. १९३० साली त्यांनी 'गीताई' लिहायला घेतली. आचार काही सुटले, निष्ठा उतरली.

आता रेड्याच्या समाधीविषयी. कथेवर शपथ घ्यायला मुलाला लावू नका. ज्ञानदेवादी भावंडांना संन्याशाची पोरे म्हणून पैठणच्या शास्त्र्यांनी दूर ठेवले. त्या वेळी ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवून मुक्या जनावराच्या ठायीही तोच आत्मा दाखवला, असे परंपरा सांगते. त्या रेड्याची समाधी आळ्याने जतन केली. कथेचा हा अर्थ आचरणाचा आहे. तो विनोबांनी आचरला : १९५३ मध्ये हरिजनांसह देवघरच्या मंदिरात जाताना त्यांनी मार खाल्ला, आणि १९५८ मध्ये अन्य धर्मांच्या सोबत्यांसह पंढरीच्या विठ्ठलाचे दर्शन घेतले.

तेव्हा लाखोली मोजूनच वाहा. मुलाला आरतीची सक्ती नको. पण वस्तीतल्या आजाऱ्याला डबा द्यायला जाल तेव्हा त्याला सोबत न्या. दाराशी आलेल्याला जात न विचारता जेवू घाला. तो विचारील त्याचे उत्तर द्या. याहून वेगळा संस्कार करावा लागत नाही.