उमेदवाराचे भांडवल

‘उमेदवार’ हा शब्द निवडणुकीच्या धामधुमीत इतका गुरफटला आहे की, काम शिकावे म्हणून दुसऱ्याच्या पेढीवर अल्पस्वल्प वेतनावर, प्रसंगी वेतनाविनाही, राबणाऱ्या तरुणाला आपल्या पूर्वजांनी हेच नाव दिले होते, याचे सहज विस्मरण होते. फारसीत ‘उमेद’ म्हणजे आशा. आणि मामलेदार कचेरीत दफ्तराचे रुमाल बांधीत कारकुनाची जागा रिकामी होण्याची वाट पाहणाऱ्या त्या मुलापाशी आशेवाचून दुसरे भांडवल नसे.

आज एखाद्या लहानशा व्यवसायात दोन-तीन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी येणारा विद्यार्थी हेच भांडवल घेऊन येतो. मालक दुष्ट नसतो. परंतु ऑर्डरी, उधारी आणि जीएसटी यांच्या धबडग्यात त्याला शिकवण्याची सवड होत नाही, बँकेत चेक भरण्यात आणि झेरॉक्स काढण्यात मुलाची मुदत सरते, आणि अखेरीस ‘प्रशिक्षण पूर्ण केले’ या असत्य विधानाखाली सही-शिक्का उमटतो. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम 18 ने उमेदवाराला कामगार न मानता प्रशिक्षणार्थी मानले, ते त्याला विद्या मिळेल या भरवशावर. तो भरवसा मोडला, तर उरते ती केवळ स्वस्तात पदरात पाडून घेतलेली मेहनत.

हलके काम कमीपणाचे नव्हे. जावजी दादाजी मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात लहानपणी छपाईचे खिळे घासण्याच्या कामावर लागले. पण त्या कामापलीकडचे दार त्यांना बंद नव्हते, तिथल्याच टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली त्यांनी अक्षरे घडवण्याची कला आत्मसात केली, आणि पुढे त्यांचा ‘निर्णयसागर’ छापखाना उभा राहिला.

मोठ्या कंपनीत नवख्याला एकच टेबल दिसते. लहान पेढीत मात्र दरपत्रकापासून वसुलीपर्यंतचा सारा व्यवहार एका खोलीत घडतो, आणि हेच तिचे खरे विद्याधन आहे. म्हणून एखादे छोटे काम आरंभापासून शेवटापर्यंत उमेदवारावर सोपवावे, शनिवारी अर्धा तास शेजारी बसून त्याच्या चुका समजावून द्याव्यात, आणि ऐपतीप्रमाणे का होईना, विद्यावेतन द्यावे. ‘हे असेच का करायचे?’ असे तो विचारील तेव्हा, वर्षानुवर्षे न तपासलेली आपली एखादी सवय मालकालाही प्रथमच दिसेल. उमेदवारामुळे मालकाला याहून मोठा लाभ कोणता?

मुदतीअखेर प्रमाणपत्र पुढे येईल, तेव्हा लेखणी उचलण्यापूर्वी एवढेच विचारावे : ‘बाळ, इथे आलास तेव्हा येत नव्हते, असे तुला आता काय येते?’ त्याच्या उत्तरावरून आपल्या सहीची किंमत आपल्याला कळेल.