दोनच पानं

कादंबरीचं शेवटचं पान मी आधी वाचते. जोडी जुळली याची खात्री झाली, की मग पहिल्या पानावर येते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

टी. किंगफिशर या नावाने लिहिणाऱ्या अर्सुला व्हर्नन यांची ‘पॅलडिन’ मालिकेतली चार पुस्तकं मी अशीच वाचली. पहिलं २०२० चं, चौथं २०२३ चं. जग एकच. एक देव मेला आहे, त्याचे सात योद्धे, म्हणजे पॅलडिन, मागे उरले आहेत आणि त्यांना आसरा दिलाय पांढऱ्या उंदराच्या देवळाने. या देवळातले लोक अडल्यानडल्यांची कामं करतात, त्यांची वकिलीसुद्धा करतात. प्रेमकथा मात्र दर पुस्तकात नव्या जोडीची, आणि त्याच पुस्तकात पुरी होणारी. मैत्रिणींना मी सांगत आले, मला ते जग आवडतं. आवडतंच. पण तेवढंच आहे का?

पहिल्या पुस्तकातला स्टीफन पहाऱ्यावर उभ्या उभ्या मोजे विणतो. ग्रेस अत्तरं बनवते. पहिल्या लग्नात पोळलेली. दोघंही तिशी ओलांडलेली, दोघांनाही प्रेमाची धास्ती. त्यांचं जुळेपर्यंत मी दोन रात्री जागले. पुढच्या पुस्तकांत त्यांचा उल्लेख आला, की त्या ओळींवरून माझी नजर घसरायची. यांचं झालं ना सगळं? आता नवी जोडी कुठे आहे?

अशाच एका रात्री नवरा ऑफिसातलं काहीतरी सांगत होता. मी ‘हं, हं’ करत पान उलटलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, “दिवा घालव ना आता.” मी म्हणाले, “दोनच पानं.” चोवीस वर्षांच्या संसारात हे किती वेळा म्हटलं असेल मी?

पुस्तकांना बोल लावता येईल, पण तो खरा नव्हे. मोजे विणणारा माणूस त्या लेखिकेनेच तर लिहिला. घाई माझी. जुळेपर्यंतची ती गोष्ट आणि जुळल्यावरचं नुसतं घर, असं मी कधी ठरवून टाकलं? आणि मग सगळ्यांचं जग एकच असलेलं मला का आवडतं? बहुधा यासाठी, की ज्यांना सोडून मी पुढे गेले ती माणसं तिथेच सुखाने नांदताहेत, एवढं मला कळायला हवं असतं. त्यांच्यापाशी थांबायचं नसतं. आईला दर रविवारी फोन करते तोही ‘बरी आहे गं’ एवढं ऐकण्यापुरताच की काय? हे लिहितानासुद्धा मन कचरतं आहे.

काल पहिलं पुस्तक पुन्हा काढलं. शेवटचं पान न उघडता मोज्यांच्या ओळी सावकाश वाचल्या. अकरा वाजता दिवा घालवला आणि नवऱ्याला विचारलं, “त्या रात्री ऑफिसातलं काय सांगत होतास?”

त्याला आठवत नव्हतं.