आभाळाची साक्ष

2018च्या ऑगस्टमध्ये माण तालुक्यात काढलेला माझा एक फोटो पुढे एका दिनदर्शिकेत छापून आला. शेत तेच, बांधावरची बाभळ तीच, पण वरचं आभाळ माझं नव्हतं. पांढरट, कोरड्या आभाळाच्या जागी कुठले तरी काळेभोर, ओथंबलेले ढग आणून बसवले होते. खाली बाभळीची सावली मात्र कात्रीने कापल्यासारखी रेखीव. आभाळ इतकं भरून आलं की सावली मातीत विरून जाते, हे बदल करणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं. पाण्यावाचून सुरळी झालेली बाजरीची पानंही तशीच होती. ज्यांचं शेत, त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी ते पान दाखवलं. बराच वेळ पाहून ते म्हणाले, ‘एवढं आभाळ आलं आसतं, तर पोरगं मुंबईला कशाला गेलं आसतं?’

त्या वर्षी राज्य सरकारने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता.

आभाळ बदलण्याची खोड जुनी आहे, असं कुणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. 1850च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने समुद्राचे जे फोटो केले, त्यांतल्या काहींत पाणी एका निगेटिव्हचं आणि आकाश दुसऱ्या निगेटिव्हचं आहे. पण त्याची अडचण खरी होती. कोलोडियन लावलेल्या काचेवर निळा प्रकाश फार लवकर उमटे. समुद्र नीट येईपर्यंत आकाश पांढरंफटक होऊन ढग पुसले जात. डोळ्यांना दिसलेले ढग काचेवर उतरत नव्हते, म्हणून त्याला जोडकाम करावं लागलं. एकच आकाश त्याने निरनिराळ्या समुद्रांवरही वापरलं. तिथे मात्र त्याचं चुकलं, असं मला वाटतं. आजच्या कॅमेऱ्याला ती अडचण नाही. तरीही फोटोशॉपमध्ये 2020पासून आभाळ बदलायची तयार सोय आहे, आणि तिने येतं ते कुणीच न पाहिलेलं आभाळ.

फोटोवर हातच फिरवू नये, असं मी म्हणत नाही. ढगाच्या पोटातला काळोख थोडा गडद करणं, दरीतलं धुकं उजळणं हे मीही करतो. पण जे तिथे होतं त्याचाच तो उठाव असतो. नसलेला पाऊस दाखवणं निराळं. ज्या मुलखात पेरणी, कर्ज आणि मुलीचं लग्न या साऱ्यांची गणितं आभाळावर बेतलेली असतात, तिथे ढग म्हणजे फोटोची शोभा नव्हे.

आणि आभाळाचा फोटो पुरावा म्हणूनही उभा राहतो. ढगांचा आंतरराष्ट्रीय ॲटलास पहिल्यांदा 1896मध्ये निघाला. जागतिक हवामान संघटनेने 2017च्या आवृत्तीत ‘ॲस्पेरिटास’ हे ढगांचं नवं रूप त्यात घेतलं. पाण्याखालून खवळलेल्या समुद्राकडे पाहावं, तसं ते दिसतं. ही मागणी लावून धरली होती हौशी आभाळवेड्यांनी, त्यांनी काढलेल्या फोटोंच्या बळावर. त्या फोटोंत उसनी आभाळं मिसळली असती, तर शास्त्रज्ञांनी विश्वास कशावर ठेवायचा होता?

खरं आभाळ मिळवायला वाट पाहावी लागते. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचा ढग चढू लागतो, त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरतो, मग एकाएकी गार वारा सुटून धुळीचा लोट अंगावर येतो. हाताशी उरतात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. वीज चमकली की मी आकडे मोजतो. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. गडगडाट तीस सेकंदांच्या आत आला की तिवई मिटून गाडीत बसायचं, समोर कितीही देखणं काही चाललेलं असो. माझे अनेक उत्तम फोटो असे गाडीच्या काचेमागे राहून गेले. त्यांच्या जागी दुसऱ्या विजा आणून लावाव्यात, असं मला कधी वाटलं नाही.

माणचा तो मूळ फोटो मी मोठा छापून त्या शेतकऱ्याला नेऊन दिला. मागे पेन्सिलीने तारीख, वेळ आणि गावाचं नाव लिहिलं होतं. खाली एक ओळ: आभाळ कोरडं, पश्चिमेचा वारा. वाचून झाल्यावर त्यांनी पेन्सिल मागितली आणि त्याखाली हळूहळू अक्षरं जुळवत लिहिलं, ‘बाजरी गेली.’